मामंजींची रायफल आणि आमच्या वन्सं

आमच्या वन्सं राहायला येणार म्हटलं की मी आधी चमचे घासायला घेते. त्या तोंडानं काही म्हणत नाहीत. चमचा उजेडाकडे धरतात, एक डोळा बारीक करतात आणि तो हळूच खाली ठेवतात. बस्स. तेवढ्यानं आपण आयुष्यभर उकिरड्यावर संसार केला असं वाटायला लागतं. मग त्या स्वतःच उठतात, पाणी उकळत ठेवतात आणि माझे सगळे चमचे त्यात सोडतात. लग्न झाल्यापासून मी हे बघत आले आहे आणि दर वेळी माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. मोठ्या इस्पितळात ऑपरेशनची अवजारं सांभाळायची खोली असते ना, तिथे त्यांनी सगळी नोकरी काढली. चिमटे, कात्र्या, पकडी, सुया धुवायच्या, सुटे भाग जोडून बघायचे, वाफेच्या भट्टीतून काढायचे आणि ठरल्या क्रमानं तबकात मांडायचे. सर्जन आले आणि गेले, इमारत पाडून नवी बांधली, वन्सं आपल्या त्याच. लग्न केलं नाही. का केलं नाही, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही. आता निवृत्त झाल्यात, पण हाताचा चाळा गेलेला नाही. समोर दोन बटणं ठेवली तरी त्या ती लहान-मोठी लावून ठेवतील.

अशा बाईच्या हाती माझ्या सासऱ्यांची रायफल पडली, त्याची ही हकिकत.

रायफल मामंजींनासुद्धा त्यांच्या वडिलांकडून मिळालेली. गावाबाहेर आमचं शेत होतं, मागे रान, आणि पीक उभं राहिलं की रानडुकरांच्या धाडी. मामंजी मचाणावर जाऊन बसायचे. बरोबर मुलगा जायला हवा, पण आमचे हे पहिल्याच बाराला दोन्ही कान झाकून जे घरी पळाले ते परत फिरकले नाहीत. मग मुलगी गेली. मचाणावर गप्प कसं बसायचं, श्वास कुठे धरायचा, चाप कसा अलगद दाबायचा, हे सगळं मामंजींनी वन्संना शिकवलं. परवान्यावर स्वतःबरोबर त्यांचं नावही चढवून घेतलं. पुढे शेत विकलं, वन्सं नोकरीला लागल्या आणि रायफल पेटीत बंद होऊन कपाटात गेली.

मामंजी वारले. परवान्याची वस्तू, तेव्हा नवा मालक ठरेपर्यंत पेटी बंदूक-मिस्त्रींच्या दुकानात जमा करावी लागली. मिस्त्री म्हणजे जाड भिंगाचा चष्मा, बोलणं कमी आणि प्रत्येक वाक्याआधी एक खोकला. त्यांच्या टेबलावर मी, ह्यांनी आणि वन्संनी पेटी उघडली, आणि आत रायफल नव्हतीच. म्हणजे होती, पण सुटी. एका जुन्या स्वेटरात नळी गुंडाळलेली, लाकडी दस्ता वेगळा, आणि पत्र्याच्या डब्यात स्क्रू, स्प्रिंगा नि काय काय, सगळं काळपट चिकट तेलात बरबटलेलं.

"ही बाबांनी खोलली कधी?" वन्संनी विचारलं.

मला ठाऊक होतं. शेवटच्या वर्षी मामंजींचे हात कापायला लागले होते. एकदा सकाळी वर्तमानपत्र पसरून ते ओसरीत बसले आणि दिवस मावळेपर्यंत बसूनच होते. मग डबा बंद केला आणि मला म्हणाले, "साफ करून ठेवली गं." मी मान डोलावली. आमचे हे मात्र जाता जाता म्हणाले होते, "बाबा, आता ती भिंतीला टांगा. तुमच्यानं नाही व्हायचं."  त्यानंतर रायफलचं नाव मामंजींनी काढलं नाही.

हे मी वन्संना सांगितलं. नवऱ्यासमोरच सांगितलं. त्या स्वेटरची घडी घालायला लागल्या.

आता ह्यांचा बेत ऐका. ह्यांचा एक मित्र, हमरस्त्यावर त्याचं हॉटेल. त्यानं भिंतीला लाकडाच्या पट्ट्या ठोकून घेतल्या होत्या आणि त्यावर टांगायला त्याला एक जुनी बंदूक हवी होती. नियम असा, की शोभेची बंदूक टांगायची तर नळीत लोखंड वितळवून ती कायमची बुजवायची. ह्यांनी होकार देऊन टाकला होता. वारस दोघं, त्यामुळे बहिणीची सही तेवढी उरली होती.

"मी जोडते," वन्सं म्हणाल्या.

"ताई, अगं तिला गंज चढलाय. ती काय कात्री आहे का?"

"मी जोडते म्हटलं ना."

मिस्त्री खोकले. "बाई, जोडून उपयोग नाही. ती चालली पाहिजे आणि नेम सरळ लागला पाहिजे. तसं असेल तर मी दाखला देईन, रायफल तुमच्या नावावर राहील. नाहीतर बुजवावीच लागेल. महिनाअखेरीपर्यंत काय ते ठरवा."

ह्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "तू समजाव तिला." मी आणि समजावणार! पण वाटेत मी विचारलंच, "वन्सं, टांगली भिंतीवर तर बिघडलं कुठे? लोक बघतील, कौतुक करतील."

त्या रस्त्यातच थांबल्या. "बाबांनी शेवटचं जे काम हातात घेतलं ते त्यांना जमलं नाही. तेच मी नळी बुजवून भिंतीवर टांगू? आणि खाली लोक जेवणार? मला हाक मारली असती गं त्यांनी, तर मी धावत आले असते. नाही मारली. आता एवढं तरी मला करू दे."  इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. मी चालायला लागले आणि मनातल्या मनात पक्ष बदलला.

दुसऱ्या दिवसापासून वन्संनी मिस्त्रींच्या दुकानात ठाण मांडलं. मी चहा घेऊन जायच्या निमित्तानं जायची आणि तिथेच रेंगाळायची. त्यांनी आधी टेबल धुतलं. मिस्त्रींचं टेबल बहुधा जन्मात पहिल्यांदा पाणी बघत होतं. मग हिरवं कापड अंथरलं, हातमोजे घातले आणि डब्यातला एकेक भाग रॉकेलमध्ये भिजवून, दात घासायच्या ब्रशनं घासून, पुसून ओळीनं मांडला. दस्त्याच्या खाचेत तर चिमटा घालून त्यांनी वर्षानुवर्षांचं किटण काढलं. तेलकट चिंध्या, काळे गोळे, कसलासा चिकट चौकोनी तुकडा, सगळं "शी" म्हणत कचऱ्याच्या डब्यात.

"बाई, एवढं चकाचक नवी असतानाही नसेल," मिस्त्री म्हणाले. वन्संनी ते कौतुक म्हणून घेतलं. ते कौतुक नव्हतं, पण मी कशाला बोलू?

जोडायला घेतल्यावर खरी गंमत सुरू झाली. नळी दस्त्यात बसली, खालून दोन लांब स्क्रू आवळले, आणि मागचा बोल्ट, म्हणजे काडतूस आत ढकलून नळी बंद करणारा दांडा, काही केल्या पुढे सरकून बंद होईना. मिस्त्री म्हणाले, वाकला असेल. वन्संनी ताकद लावली नाही. अवजार अडलं तर जोर करायचा नाही, चूक आपली असते, असं त्या म्हणाल्या आणि दोन्ही स्क्रू परत काढले. शेजारी शेजारी उभे केले. एक दुसऱ्यापेक्षा किंचित उंच, नखाच्या जाडीएवढा. उंच स्क्रू पुढच्या भोकात गेला होता आणि त्याचं टोक वर निघून बोल्टला आडवं येत होतं. अदलाबदल केली तसा बोल्ट कुलपासारखा खट्ट बंद झाला.

मला वाटतं मामंजी इथेच अडले असणार. कापऱ्या हातांना तो नखाएवढा फरक कळायचा कसा? वन्संच्या मनात तेच आलं असावं, कारण त्या बराच वेळ तो स्क्रू बोटांत फिरवत बसल्या.

मग दुसरं दुखणं. मिस्त्रींनी दारू नसलेलं, तपासणीचं काडतूस आत घालून चाप दाबला, तर त्याच्या बुडावर ठसा उमटला तो इतका पुसट, की मला दिसलाच नाही. आतली पिन जोरानं आपटतच नव्हती. वन्संनी बोल्ट खोलला. स्प्रिंगच्या वेटोळ्यांत जुनं ग्रीज वाळून लाखेसारखं घट्ट बसलं होतं. बाहेरून पुसलेलं होतं, आतून नव्हतं, आणि ही चूक स्वतःची म्हणून त्यांना फारच लागली. "आतून पुसायला मी इस्पितळातल्या मुलींना ओरडायची," म्हणाल्या. स्प्रिंग रात्रभर रॉकेलमध्ये ठेवली. दुसऱ्या दिवशी ठसा असा उमटला की मिस्त्री खोकायचेच विसरले.

आम्हाला वाटलं, जिंकलो. नेमबाजीच्या मैदानावर गेलो. मातीचा उंच बंधारा, त्यापुढे कागद लावलेल्या चौकटी, आणि अलीकडे वाळूच्या पिशव्या ठेवलेली टेबलं. आमचे हे कानात कापूस घालून आले, वर कानांवर हातही धरून बसले. हॉटेलवालाही आला. भिंतीचं माप त्यानं खिशातच ठेवलं होतं. आधी मिस्त्रींनी रायफल पट्ट्यानं बांधून, लांब दोरीनं चाप ओढून दोन बार काढले. सुरक्षित आहे म्हणाले. मग वन्सं बसल्या. नळीच्या टोकावरच्या माशीवरून नजर लावली, श्वास धरला.

पहिली गोळी मधोमध. मी टाळ्या वाजवल्या. दुसरी डावीकडे, तिसरी आणखी डावीकडे नि वर, पुढची तर कागदाबाहेरच. कागद जवळ आणून बघितला तर गोवर उठल्यासारखी भोकं. पुन्हा मारल्या, पुन्हा तेच. नळी तापेल तशी गोळी भरकटत चालली होती.

"नळी झिजली असावी," मिस्त्री म्हणाले. त्यांना वाईट वाटत होतं. "वय झालंय बाई तिचं. तुम्ही केलंत ते कुणी केलं नसतं. पण असा दाखला मी नाही देऊ शकत."

हॉटेलवाल्यानं खिशातून माप काढलं. मला त्याचा इतका संताप आला की त्याच्याच वहाणेनं त्याला मारावं असं वाटलं.

घरी येऊन वन्संनी माझी सगळी भांडी घासली. घासलेली होती, तरी घासली. ह्यांनी सहीचा कागद टेबलावर ठेवला आणि बहिणीकडे न बघता म्हणाले, "ताई, तू प्रयत्न केलास." त्या म्हणाल्या, "उद्या सकाळी एकदा खोलून बघते. मग सही."

सकाळी मीही बरोबर गेले. त्यांनी हिरवं कापड अंथरलं. इस्पितळात त्यांचा शिरस्ता होता म्हणे, की गडबड कुठे झाली कळत नसेल तर मधूनच शोधायचं नाही, रिकाम्या तबकापासून सुरुवात करायची. सगळं सुटं केलं. नळी बाजूला ठेवली, दस्ता खिडकीपाशी उजेडात धरला, एक डोळा बारीक केला. आणि तशाच राहिल्या.

"अगं, इकडे ये. हे बघ."

नळी जिथे बसते ती लाकडातली खाच तेल पिऊन काळी पडली होती. पण पुढच्या टोकाजवळ एक चौकोन फिका होता, टपाल तिकिटापेक्षा थोडा मोठा. कपाट हलवल्यावर भिंतीवर जसा जुना रंग दिसतो, तसा.

"इथे काहीतरी होतं," त्या म्हणाल्या.

आणि मला आठवलं. "वन्सं, तुम्ही तिथून चिमट्यानं काहीतरी काढलं होतंत. चिकट, चौकोनी. शी म्हणून टाकलंत बघा."

त्यांनी वाकून कचऱ्याच्या डब्यात बघितलं.  "आमच्या इस्पितळात ऑपरेशनमध्ये आतून निघालेला कापसाचा बोळासुद्धा मोजल्याशिवाय टाकत नाहीत," त्या म्हणाल्या. "मी कधी टाकला नाही. आणि बाबांनी ठेवलेला तुकडा मी कचरा म्हणून फेकला."

कचरा केव्हाच गेला होता. पण मिस्त्री उठून आले, चष्मा कपाळावर चढवला, खाचेत बोट फिरवलं आणि मोठ्यानं हसले. "चामडं असणार! जुने लोक घालायचे. लाकूड दमट हवेत फुगतं आणि एका बाजूनं नळीला ढोसतं. नळी तापली की आणखी ढोसतं. मग गोळी जाते भलतीकडे. खाली चामड्याचा तुकडा घातला की नळी लाकडापासून सुटी राहते. माझ्या लक्षात यायला हवं होतं. बाई, नळी ठणठणीत असेल तुमची!"

वन्सं ताडकन उभ्या राहिल्या. "चामडं कुठे मिळेल?"

नेमके त्याच वेळी आमचे हे सहीचा कागद घेऊन दारात उभे राहिले. कमरेला नवाकोरा चामडी पट्टा, त्याचं टोक बकलाबाहेर भरपूर लोंबत होतं.

"पट्टा काढा," मी म्हटलं.

"काय?"

"पट्टा काढा म्हणते ना!"

"अगं, भर दुकानात?"

त्यांनी काढला. लग्नाला इतकी वर्षं झाली की मी कुठल्या आवाजात बोलले म्हणजे ऐकायचं, हे त्यांना बरोबर कळतं. वन्संनी टोक कापून घेतलं आणि ऑपरेशनच्या पात्यानं त्याचे पापुद्रे काढायला बसल्या. मी खूप जणींना भाजी चिरताना बघितलंय, पण असा हात नाही बघितला. तुकडा ठेवायचा, नळी बसवायची, स्क्रू आवळायचे, मग कागदाची पट्टी नळी आणि लाकूड यांच्या फटीतून सरकवून बघायची. पट्टी अडली की परत खोलायचं. तुकडा जाड झाला तर नळी उचलली जायची, पातळ झाला तर लाकूड चिकटायचं. एक बिघडला, दुसरा बिघडला. ह्यांचा पट्टा आखूड होत चालला.

आणि गंमत अशी की हे तिथून हलेनात. आधी दारात उभे होते, मग आत आले, मग एका हातानं पॅंट धरून दुसऱ्या हातानं बॅटरीचा उजेड पाडायला लागले. "ताई, डाव्या बाजूला अजून टेकतंय," असं हेच म्हणाले. वन्संनी वर बघितलं. "दिसतंय का तुला?" "हो, इथे, हे बघ." तिथे पात्यानं एकदा हलकेच खरवडलं आणि कागदाची पट्टी ह्या टोकापासून चामड्यापर्यंत सुळकन गेली. कुठे अडली नाही.

पुन्हा मैदान. हॉटेलवाला पुन्हा हजर, ह्या वेळी रिक्षा-टेम्पो सांगून आलेला. ह्यांनी कानात कापूस घातला, पण हात खाली ठेवले.

वन्सं बसल्या. पहिली गोळी मधोमध. मी ह्या वेळी टाळ्या वाजवल्या नाहीत, माझा जीव टांगणीला लागला होता. दुसरी गेली. मिस्त्री दुर्बिणीतून बघत होते. तिसरी. चौथी. नळीवरून हवा थरथरताना दिसायला लागली, म्हणजे तापली होती. वन्सं थांबल्या नाहीत. खांदा हलत नव्हता, फक्त बोट मागे यायचं.

"काय झालं? लागतंय का?" मी न राहवून विचारलं.

मिस्त्रींनी दुर्बीण माझ्या हातात दिली. मला भोकं दिसेनात. एकच दिसलं, कडा फाटलेलं. कागद आणल्यावर कळलं की सगळ्या गोळ्या चहाच्या कपाच्या तोंडाएवढ्या जागेत बसल्या होत्या, एकमेकींत घुसलेल्या.

मी ओरडले. खरंच ओरडले, माझ्या वयाला न शोभेल असं. ह्यांनी तो कागद हातात घेतला आणि किती तरी वेळ बघत राहिले. मग बहिणीजवळ गेले. "ताई," ते म्हणाले, "बाबांना मी त्या दिवशी तसं बोलायला नको होतं." वन्संनी त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला. ग्रीजचा हात, सगळे केस माखले, आणि त्या बाईंच्या ते लक्षातही आलं नाही.

"मग माझ्या भिंतीचं काय?" हॉटेलवाल्यानं विचारलं.

"घड्याळ लाव," आमचे हे म्हणाले आणि सहीचा कागद त्याच्यासमोर फाडला. त्या दिवशी मला माझा नवरा फार आवडला.

दुकानात आल्यावर मिस्त्रींनी दाखल्याची वही काढली. लेखणी झटकली, खोकले. रायफल सुरक्षित, नेम अचूक, मालक म्हणून वन्संचं नाव, सगळं लिहून झालं. एक रकाना राहिला.

"दुरुस्ती कोणी केली, ते लिहावं लागतं," ते म्हणाले. "तुमचंच नाव घालतो, बाई. मी तर नुसता बघत होतो."

"नको," वन्सं म्हणाल्या. "दुरुस्ती वडिलांनी सुरू केली होती. मुलीनं पुरी केली. तसं लिहा."

मिस्त्रींनी चष्मा काढून पुसला, परत घातला आणि अगदी तसंच लिहिलं.